काळी चार आणि टेम्पोतला टेप

"काका, हे सगळं काढा आणि माझा जुना टेप परत बसवा."

वैशालीने गाडीची किल्ली काउंटरवर आपटली. अंगावर विमान कंपनीच्या युनिफॉर्मची साडी, नाकाच्या शेंड्यावर राग. अमौसीच्या विमानतळावर तिची ड्यूटी बाराला सुरू व्हायची. त्याआधी तिला माझा निकाल लावायचा होता.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. सरकारी कारखान्यातली नोकरी सोडून मी लखनऊच्या अलीगंजमध्ये कार स्टिरिओचं दुकान काढलं होतं. वैशाली मूळची अकोल्याची, तिचा नवरा दीपक बँकेत. आदल्याच रविवारी दीपकने बायकोच्या वाढदिवसासाठी त्यांच्या सेकंडहँड गाडीत नवी सिस्टिम बसवून घेतली होती. कॅसेटची बाजू आपोआप बदलणारा ऑटोरिव्हर्स डेक, दोन स्पीकर दारांत, दोन मागच्या काचेखालच्या फळीवर. दारांची पॅनेल मी स्वतः कापली होती, एक मिलिमीटर इकडेतिकडे नाही. असं काम तेव्हा लखनऊत दोघंच करायचे, आणि दुसऱ्याला मीच शिकवलं होतं. त्यामुळे "काढा" हा शब्द मला चांगलाच झोंबला.

"आवाज फाटतो का?"

"नाही. आवाज छान आहे, पण सगळं बेसूर आहे."

"अगं, टेप बेसूर नसतो. गाणारा असतो."

बोलून गेलो आणि जीभ चावली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग सगळं कळलं. लग्न करून लखनऊला येताना अकोल्याच्या तिच्या गुरूंनी, ताईंनी, सहा कॅसेट भरून दिल्या होत्या. ताई एक ओळ गाणार, मग जागा सोडणार, त्या जागेत वैशालीने म्हणायचं. घरात सवड मिळत नसे, म्हणून तिचा रियाज गाडीत चालायचा. अलीगंज ते अमौसी जाताना आणि येताना, काचा वर करून, तीन वर्षं. गेल्या वर्षी तिने रेडिओची ऑडिशन दिली. वरच्या सुरावर आवाज फाटला आणि ती नापास झाली. आता पुन्हा ऑडिशन होती, आठ दिवसांवर. या वेळी जमलं नाही तर गाणं बंद, असं तिने दीपकला सांगून टाकलं होतं.

"नव्या डेकवर ताईंचा आवाज म्हातारा लागतो," ती म्हणाली. "मी सूर लावते तो त्यांच्याशी जुळतच नाही. जुना टेप कुठे आहे?"

"नसीमच्या टेम्पोत."

"टेम्पोत?"

"दीपकच जुना ठेवून घ्या म्हणाला. नसीम प्रवाशांचा टेम्पो चालवतो. शनिवारी त्याचा टेप बिघडला, रविवारी संध्याकाळी तुमचा त्याला बसवला."

वैशालीने दुकानातल्या फोनवरून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मी कामाला लागलो. कॅसेटमधली फीत ठरावीक वेगानेच सरकायला हवी. हळू सरकली तर गाणं रेंगाळतं आणि आवाज जाड होतो. जोरात सरकली तर गाणं लवकर संपतं आणि सूरही वर चढतो. नवा डेक हळू चालत असणार असा माझा तर्क. दुकानातल्या एका कॅसेटची तीस मिनिटांची बाजू लावली आणि घड्याळ समोर ठेवलं. ती अर्धा तास स्टुलावर बसून होती. चहावर साय आली तरी कपाला हात लावला नाही.

बाजू बरोबर तीस मिनिटांत संपली.

"डेक ठीक आहे," मी म्हणालो. तक्रार माझ्यावर नाही म्हणून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

मग तिची कॅसेट लावली. सुरुवातीला ताईंचा बोलण्याचा आवाज होता. "पट्टी काळी चार. घाई करू नकोस, वैशू."

"काळी चार म्हणजे?"

"पेटीवरची चौथी काळी पट्टी. तो माझा सा. बाकी सगळं गाणं त्याच्यावर उभं राहतं."

आमच्या हिची पेटी वरच्या मजल्यावर होती. ती आणली. वैशालीने चौथी काळी पट्टी दाबली. ताईंचा सूर आणि पेटीचा सूर असे मिसळले की कुठला कुठला ते सांगता येईना. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं मलाही कळलं.

वैशालीचा चेहरा उतरला. "मग तीन वर्षं मी कुठल्या सुरात गात होते? घरी पेटी नाही, तानपुरा गाडीतला सूर आठवूनच लावते. ऑडिशनलाही तसाच लावला होता."

"चल, नसीमला गाठू."

पेटी मागच्या सीटवर टाकून आम्ही तिच्याच गाडीने टेम्पो स्टँडवर गेलो. नसीम नंबर लावून उभा होता. त्याच्या टेम्पोत सिनेमाचं गाणं वाजत होतं, आणि गाणारी बाई ट्रेन चुकेल अशा घाईने गात होती.

"जोशी साहब, क्या टेप दिया है आपने!" नसीम खुशीत होता. "इसमें गाना चलता नहीं, दौड़ता है. सवारी ख़ुश, हम भी ख़ुश."

"नसीमभाई, दो मिनट. बहनजी को एक कॅसेट सुननी है."

"दो क्यों, दस मिनट लीजिए. तशरीफ़ रखिए."

वैशाली युनिफॉर्मच्या साडीत, मांडीवर पेटी घेऊन टेम्पोत बसली. दोन प्रवासी आधीच बसले होते. त्यांना वाटलं, भजन आहे. कॅसेट लागली. "पट्टी काळी चार," ताई म्हणाल्या. आवाज खरंच तरुण वाटत होता. वैशालीने काळी चार दाबली. जुळेना. शेजारची वरची पांढरी दाबली, आणि ती चपखल बसली. टेप एक पूर्ण पट्टी वर चालत होता.

मी नसीमच्या परवानगीने डेक बाहेर ओढला आणि झाकण उघडलं. आतल्या मोटरवर गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका होता.

कारागीर आपलं काम झालं की स्क्रू हलू नये म्हणून रंगाचा थेंब लावतो. कोणी लाल लावतं, कोणी हिरवा. मी आमच्या हिचं नेलपॉलिश वापरायचो, आणि अख्ख्या लखनऊत तो रंग फक्त माझा होता. तीन वर्षांपूर्वी दीपक हाच डेक दुरुस्तीला घेऊन आला होता. त्याची मोटर जळली होती. तशीच बाजारात मिळेना म्हणून मी दुसरी बसवली. तिची पुली, म्हणजे पट्टा फिरवणारं चाक, जरा मोठं होतं. गाणं वाजलं, गिऱ्हाईक खूश झालं. वेग मोजायचं मला सुचलंही नाही.

झाकण परत लावून गप्प बसता आलं असतं. वैशालीला त्या ठिपक्याचा अर्थ कुठे ठाऊक होता? पण ती पेटी कवटाळून माझ्याकडे बघत होती.

"वैशाली, ही चूक माझी आहे," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. मला इतकी लाज आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली असेल.

तिने पेटीचा भाता बंद केला. मग म्हणाली, "नव्या डेकचा वेग वाढवता येतो?"

"एक स्क्रू असतो. दोन मिनिटांचं काम."

"मग वाढवा. आठ दिवसांत नवा सूर मी कुठून आणू?"

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. स्क्रूड्रायव्हर घेऊन मी तिच्या गाडीत बसलो. हात डेकवर ठेवला आणि थांबलो.

"एकदाच ताईंच्या खऱ्या सुरात गाऊन बघ. तो वरचा, फाटणारा सूर लाव. मग तू म्हणशील तेवढा फिरवतो."

तिने कॅसेट लावली. पहिल्या दोन ओळी चाचपडल्या. तिसऱ्यांदा सा सापडला. मग ती वर चढत गेली. तो सूर आला, लागला आणि तिथेच राहिला. वैशालीनेच डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलं, जणू दुसरंच कोणी गात होतं. तिने तो पुन्हा लावला, मग आणखी एकदा, आणि हसायलाच लागली. उघड्या दारातून नसीमची मान आत आली होती. "वाह, बहनजी," तो हळूच म्हणाला.

"काका, हा माझ्या आवाक्यातला सूर आहे हो! मी उगाच तीन वर्षं एक पायरी वर चढून गात होते."

"मग स्क्रू?"

"हात लावलात तर बघा!"

आठ दिवस तिने गाडी घराखाली उभी असतानाही रियाज केला. महिन्याभराने ती चौक बाजारातली मलाई गिलोरी, म्हणजे विड्यासारखी दुमडलेली सायीची मिठाई, घेऊन दुकानात आली. ती पास झाली होती. पहिली गिलोरी तिने माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली खरी, पण मान खाली घालून.

नसीमला मी म्हणालो, "लाओ, तुम्हारे टेप की स्पीड ठीक कर दूँ." त्याने दोन्ही हात जोडले. "रहने दीजिए, साहब. गाना सुस्त हो गया तो सवारी दूसरे टेम्पो में बैठ जाएगी."

वैशालीचं पहिलं गाणं रेडिओवर लागलं तेव्हा मी दुकानात पेटी घेऊन बसलो होतो. काळी चार दाबली. जुळली.

तेव्हापासून एक नियम केला. नव्या मालाची तक्रार आली की आधी जुना माल तपासायचा. आणि झाकण उघडण्यापूर्वी आठवून बघायचं, तो शेवटचा दुरुस्त कोणी केला होता.