हवालदारांचे उघडे तळवे

सन तीसच्या उन्हाळ्यात सोलापुरात मार्शल लॉ होता. आमच्या सेक्शनची ड्यूटी कुंभारीच्या वाटेवर, नाक्यावर. सकाळी सहाला उभं राहायचं, येणाऱ्याला थांबवायचं, झडती घ्यायची. ऑर्डर साफ होती: हात लपवून कोणी पुढं आलाच, तर फायर.

तुम्हाला वाटतं, शिपाई भीत नाही. कसलं काय! मी जाम भ्यालो होतो. घोंगडीखाली कुऱ्हाड घेऊन लोक फिरतात, अशी अफवा आदल्या दिवशी पलटणीच्या लायनीत आली होती.

नऊच्या सुमाराला एक म्हातारा धनगर आला. मागं दहा-बारा मेंढरं. ऊन मी म्हणत होतं, तरी अंगावर घोंगडी आणि दोन्ही हात आत. मी ओरडलो, "हात वर!" तो थबकला, पण हात बाहेर येईनात. उलट आतलं काहीतरी छातीशी घट्ट धरून त्यानं पाऊल पुढंच टाकलं. मी सेफ्टी कॅच काढला. घामानं डोळे चुरचुरत होते.

"थांब," मागून हवालदार दत्तोबा म्हणाले. साताऱ्याकडचे, चौदा सालची मोठी लढाई पाहिलेले. त्यांनी आपली रायफल माझ्याजवळ टेकवली आणि माझ्या नळीसमोरून चालत गेले. हात बाजूला पसरलेले, तळवे उघडे. म्हाताऱ्यापुढं ते मातीत उकिडवे बसले.

"राम राम पाव्हणं. आत काय हाय? दावा की."

म्हाताऱ्यानं घोंगडी उघडली. आत ओलं कोकरू होतं.

"आत्ताच वाटंवर झालंय, सायेब. हात वर केलं तर पडंल की."

मी रायफल खाली केली. मी माळशिरसकडचा, धनगराच्याच पोटचा. नवं कोकरू माझा बाप असंच पोटाशी धरून आणायचा. वर्दी चढली आणि मला फक्त लपवलेले हात दिसले. त्याची लाज अजून जात नाही.

भीती नाही वाटली का, असं मी हवालदारांना नंतर विचारलं. ते म्हणाले, "वाटली. पण त्याची न्हाय, तुझी."

काही वर्षांनी वायव्य सरहद्दीवरच्या लढाईत एका भिंतीआड बायका-पोरं दडली होती. आम्हाला बघून ती रडायला लागली. हवालदारांनी रायफल माझ्या हातात दिली आणि तळवे उघडे करून पुढं निघाले. मी "नका जाऊ" म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. गोळी वरच्या टेकडीवरून आली.

संध्याकाळी त्यांची रायफल मीच जमा केली. तिच्यातून एकही राउंड सुटला नव्हता.