डाकोटात माल भरणारे मोठेबाबा

मोठेबाबा सुटले.

आज सकाळी, गावी अनसिंगच्या घरी, अर्धा कप चहा पिऊन. वय चौऱ्याण्णव. तीन महिने अंथरुणात होते, फार हाल चालले होते. त्यामुळे रडण्याआधी हुश्श झालं. लिहायला लाज वाटतेय, पण तसंच झालं.

माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरला एका खाजगी विमान कंपनीत माल चढवायचे. कंपनी छोटी, जुनी डाकोटा विमानं, आणि कायम लॉसमध्ये.

मग मुंबईहून नवा मॅनेजर आला. कंपनी नफ्यात आणायची, नाहीतर कुलूप.

त्याने न परवडणारे मार्ग बंद केले आणि स्टाफ कमी करायला घेतला. एकेकाला बोलावून विचारायचा, तू नेमकं काय करतोस? पटलं नाही की नाव लिस्टवर.

बारा हमालांना ज्या दिवशी बोलावलं, त्या दिवशी पोळा होता.

आणि आमचे मोठेबाबा कोणाला न सांगता अनसिंगला. त्यांचे वडील तापाने पडलेले, घरची बैलजोडी तोरणाखाली नेणार कोण? असला शहाणपणा आमच्याच घराण्यात.

तिसऱ्या दिवशी परतले ते नोकरी गेली असं धरूनच. साहेबाने उभंच ठेवलं.

"कुठे होतास?"

"पोळ्याले गेलतो साहेब."

"इथे लिस्ट चाललीय आणि तू पोळ्याला?"

"बैलाचा वर्षातून एकच दिवस राह्यते साहेब. लिस्ट तं तुमी कवाई करसान."

साहेब हसला नाही. म्हणाला, "तू नव्हतास ते दोन्ही दिवस विमानं अर्धी रिकामी गेली. काय करतोस तू?"

आता डाकोटाचं मालाचं दार शेपटीकडे. शिवाय हे विमान जमिनीवर नाक वर करून उभं राहतं, म्हणजे जड पेटी आत चढावर ढकलायची. हमाल कंटाळून जड माल दाराशीच ठेवायचे. मग पायलट म्हणणार, शेपूट जड झालं, उतरवा. संत्र्याच्या पेट्या तिथेच पडून.

"बंडीत भारी पोतं आसावर ठेवतात साहेब. मांगं ठेवलं तं बंडी उलार होते, जू वर उचलते, बैलाच्या गळ्याले फास बसते. इमानाचा आस पंखापाशी. मी भारी पेट्या तिथं नेतो, बाकी काई नाई."

साहेबाने त्यांच्याकडून सगळ्या हमालांना शिकवून घेतलं. विमानं भरून जायला लागली, वेळेवर निघायला लागली. वर्षभरात कंपनी सावरली.

शिकवून झाल्यावर साहेबाने एकदा विचारलं होतं, "काम आता झटपट होतंय. बारा जण कशाला? चौघांत भागेल ना?"

"नाई भागत साहेब. एक हात कमी झाला तं इमान थांबते."

बाराही जण राहिले. साहेबाने शब्द मानला, कारण तोवरचं सगळं त्यांनी खरंच सांगितलं होतं.

ही गोष्ट आम्ही भावंडांनी शंभरदा ऐकलीय. गेल्या रविवारी मात्र त्यात एक नवीन वाक्य आलं. माझा हात धरून म्हणाले, "बाई, चौघात भागत होतं."

मला आधी कळेचना.

"म्या साहेबाले खोटं सांगतलं. त्यानं माह्यावर भरोसा ठेवला अन् म्या खोटं बोललो. मनातून जाऊन नाई राह्यलं."

सत्तर वर्षं. हा माणूस एवढंसं ओझं घेऊन फिरत होता आणि आम्ही त्यांच्या गोष्टीला हसत होतो.

मी म्हटलं, "मोठेबाबा, कंपनी नफ्यात आली ना?"

"आली."

"आणि आठ घरांच्या चुली पेटत राहिल्या ना?"

त्यांनी माझ्या बोटांवर आठ घरं मोजली. मग म्हणाले, "मंग बरंच केलं म्या."

आणि झोपले. तीन महिन्यांत पहिल्यांदा न कण्हता झोपले.

मोठेबाबा, भरल्या मनाने रामराम. ते खोटं आता आमच्याकडे राहू द्या.

तुम्ही निवांत जा.