नणंदेचा पाला आणि रिकामी बरणी

लग्नाच्या पंगतीत नवरानवरीला सोडून ताटातल्या कोथिंबिरीकडे टक लावून बघणारी बाई उभ्या मावळात एकच, आणि ती माझी नणंद आहे. मळवलीहून रोज पुण्याच्या प्रयोगशाळेत जाते आणि लेट्यूसच्या पानांत इन्शुलिन तयार करायच्या खटपटीत असते. आमच्या घरात पालेभाजी मुकाट्याने खाता येत नाही, लगेच तिचं व्याख्यान सुरू होतं. इन्शुलिन नुसतं गिळलं तर पोटात पचून जातं, म्हणून सुई. पण पानाच्या पेशीत ते साळीतल्या तांदळासारखं सुखरूप राहतं आणि आतड्यात गेल्यावरच सुटं होतं. पानं वाळवून पूड केली की फ्रीज नको, म्हणून औषध स्वस्त. एकदा हे सगळं तिने गॅसवाल्याला दारात उभं करून ऐकवलं. बिचारा रिकामी टाकी इथेच विसरून गेला.

या वेडाचं मूळ माझ्या सासूबाई. त्या रोज सुई घेतात. लाइटचा भरवसा नाही, म्हणून इन्शुलिनची बाटली गार मडक्यात. औषधाची रोपं प्रयोगशाळेबाहेर आणायला बंदी, त्यामुळे वाळवणीचा सराव करायला नणंदेने अंगणात साधंच लेट्यूस लावलं होतं. सुपातला तो पाला सासूबाईंनी गुपचूप ठेचा-भाकरीसोबत खायला सुरुवात केली आणि सुई सोडून दिली. दोनतीन दिवसांत त्यांना उठवेना, सारखी तहान. नणंदेने साखर तपासली, ती भलतीच वाढली होती. डॉक्टरांना फोन करून तिनेच सुई दिली.

"आई, त्यात औषध नव्हतं गं! का खाल्लास?"

"तू लावलेला पाला हाय. मला वाटलं, गुण येनारच."

नणंद ओट्यावर बसून रडली. "अजून माणसांवर तपासायचंय, आई. मी सांगेपर्यंत सुई सोडायची नाही."

"न्हाई सोडत. पन तू घाई नगं करू. मी हाय."

आता सासूबाई बिनतक्रार दंड पुढे करतात आणि स्टेशनवर भेटेल तिला सांगतात, "माजी लेक पाल्यात औषिद पिकवती." त्यांच्याइतकाच मलाही तिचा अभिमान वाटतो, फक्त मी गावभर सांगत नाही.

परवा मडक्याशेजारी धुऊन वाळवलेली एक बरणी दिसली, म्हणून मी तीत साखर भरायला घेतली. सासूबाईंनी माझा हात धरला.

"ती नगं, बाय. ती पोरीच्या औषदासाठी ठिवलीया."

मी साखर परत डब्यात ओतली आणि बरणी पुसून होती तिथे ठेवली.