बाराव्या-तेराव्या पानामधला गोंद

सोहोनीकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुबईजवळ उम्म अल कुवैनला एका साइटच्या गच्चीवर उभा होतो. हार्ट अटॅक, अजमानच्या घरी, सकाळचा चहा घेता घेता. मी फोन ठेवला आणि मला आधी आठवली ती त्यांची निळी वही. माणूस गेल्याचं दुःख मागाहून आलं. लाज आधीपासून होतीच.

काका एसीच्या कॉन्ट्रॅक्टरकडे इंजिनिअर होते आणि मी कन्सल्टंटच्या ऑफिसात त्यांची ड्रॉइंग्ज तपासायला. आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टरने कागद सबमिट करायचे आणि कन्सल्टंटने शिक्का मारायचा. ए म्हणजे मंजूर, सी म्हणजे दुरुस्त करून पुन्हा पाठवा, डी म्हणजे बाद. त्यामुळे माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असूनही ते ऑफिसात मला ‘साहेब’ म्हणत आणि शुक्रवारी घरी जेवायला बोलावून ‘मिल्या, लाजू नकोस, वाढून घे’ म्हणत. अशाच एका शुक्रवारी त्यांनी मला धंद्यातली एक खोडी सांगितली होती. ‘कन्सल्टंटने सबमिटल उघडलं की नुसताच शिक्का हाणला, कसं ओळखायचं? मधल्या दोन पानांत गोंदाचा ठिपका द्यायचा. परत आलं की बघायचं, सुटलाय का.’ मी विचारलं, ‘माझ्यावर केलात का हा प्रयोग?’ तर म्हणाले, ‘तुझ्यावर कशाला? तू वाचतोस रे...’

त्यांना एक वेड होतं. ऐंशीच्या दशकात ब्रिटिशांनी एक अवकाशविमान आखलं होतं. धावपट्टीवरून उडायचं, सरळ अवकाशात जायचं आणि परत येऊन धावपट्टीवरच उतरायचं. सरकारने पैसे थांबवले आणि सगळं कागदावरच राहिलं. काकांनी ते कुठल्याशा जुन्या मासिकात वाचलं आणि झपाटल्यासारखे मागे लागले. पैसे थांबलेच नसते तर? त्या दुसऱ्या इतिहासात ते विमान खरंच उडालं असतं का? कल्पनेने उडवायला काय, कुणीही उडवेल. काकांना ते आकड्यांनी उडवून बघायचं होतं. त्या इंजिनाला बाहेरची हवा आत ओढून क्षणात गोठणबिंदूच्या कितीतरी खाली न्यायची होती. ‘हवा गार करायची म्हणजे आपलंच काम की,’ ते म्हणत. अजमानच्या दमट हवेत एसीच्या कॉइलवर बर्फ धरतो, त्याच्याशी त्यांनी जन्मभर झुंज घेतली होती. मी मात्र एरोनॉटिकल शिकून एसीचे डक्ट तपासत बसलो होतो. माझ्या विषयातला हा उत्साह मला त्यांच्या चेहऱ्यावर बघवत नसे. खरं सांगायचं तर जळत होतो मी.

दुबईत ऊद मेथाला मराठी मंडळाचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम होता. बायका आत, आम्ही पार्किंगमध्ये. काकांनी गाडीतून आकडेमोडीची ती निळी वही काढून दिली. वर रीतसर सबमिटलचा कागद चिकटवलेला. प्रकल्प : अवकाशविमान. विषय : शक्याशक्यता. ‘साहेब, घाई नाही. पण नीट बघ हं.’

चार महिने ती वही माझ्या डिकीत टायरशेजारी पडून होती. ‘बघतोय काका, इन्शाल्ला या आठवड्यात,’ असं मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी आमच्या ऑफिसात, चार जणांसमोर विचारलं. मी खाली जाऊन वही आणली, न उघडता वरच्या कागदावर डीचा शिक्का मारला आणि शेरा लिहिला, ‘शक्य नाही’. सगळे हसले. काकाही हसले, जरा उशिराने.

‘सी नाही होणार, साहेब?’

‘नाही हो काका. खलास.’

त्यांनी वही बॅगेत घातली. विमानाचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. शुक्रवारचं जेवण मात्र एकदाही चुकवलं नाही, आणि मीही निर्लज्जपणे जात राहिलो.

काका गेल्यावर महिन्याभराने काकू नाशिकला कायमच्या जायला निघाल्या. मी सामान बांधायला गेलो. वही फ्रिजवर होती. ‘ही तूच ने,’ काकू म्हणाल्या. ‘फार जीव होता त्यांचा हिच्यात. येईल त्याला सांगायचे, माझं गणित चुकलं असेल, पण मिल्याने पानन्पान वाचून सांगितलंय. तू वाचलंस याचंच त्यांना केवढं कौतुक...’

मी उभ्या उभ्या पानं चाळत होतो. बारावं आणि तेरावं पान एकमेकांना चिकटलेली होती. मधोमध गोंदाचा ठिपका, अजिबात न सुटलेला.

‘वाचली होतीस ना रे सगळी?’

‘हो काकू,’ मी म्हणालो.

घरी येऊन ब्लेडने ती पानं सोडवली. तेराव्या पानावर काकांच्या टपोऱ्या अक्षरात होतं, ‘इथे अडलो. इंजिनाचं वजन शेपटाकडे, तोल मागे जातोय. पंख मागे सरकवावेत तर सामान न्यायची ताकद उरत नाही. मार्ग आहे का? मिलिंदला विचारणे.’ खाली शेऱ्यासाठी आखलेली चौकट, रिकामी. एका संध्याकाळी शेजारी बसून बोलण्यासारखा प्रश्न होता. गेले तीन आठवडे तो मी सोडवतोय. उडालं असतं बहुतेक, फार थोडं सामान घेऊन. त्या चौकटीत पेन्सिलीने तसं लिहिलंय. वरचा डी मात्र पुसला जात नाही.

हे ज्या पुरवणीत छापून येतंय, ती नाशिकला काकूंकडे येते. काकू, मी त्यातलं एकही पान वाचलं नव्हतं. आणि काकांना ते माहीत होतं.