समुद्रातलं भांडं आणि जयसिंगपूरची सोयरीक

"आबांच्या दिनकरला तिकडं परदेशात पोलिसांनी धरलं म्हणं! समुद्राच्या तळातलं भांडं चोरताना! आन आता ती जयसिंगपूरची सोयरीक..."

एवढं कानावर आलं आणि गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. पुढचं सगळं जोंधळ्याबरोबर दळून निघालं. बोलणाऱ्या दोघी हातवारे करत होत्या आणि मी पीठ सोडून त्यांच्या ओठांकडं बघत होते. काही लागलं नाही. पण पीठ तिथंच टाकून मी घर गाठलं. का ते पुढं सांगते, कारण त्यात माझाही हात होता.

अशा गोष्टी माझ्याकडं लई साठल्यात. तोंडावर लोक मला चौकस म्हणतात, माघारी काय म्हणतात तेही ठाऊक आहे! पण माझा काय दोष? त्या वर्षांत आमच्या गल्लीत फोन फक्त आमच्या घरात. शेजारच्या आबांचा पी. पी. नंबर म्हणजे आमचाच नंबर. फोन खिडकीपाशी स्टुलावर आणि माझा स्वयंपाकाचा कट्टा त्याच्यापासून चार हातांवर. कान काय डब्यात घालून ठेवू? आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. भिंतीपलीकडं बारसं असलं तरी मला पेढा आल्यावर कळतं. तेव्हा गल्लीतल्या एका पोराचा फोन आला की सगळी गल्ली माझ्या दारात चपला काढायची.

*

आबा म्हणजे विहिरीत पडलेल्या वस्तू काढणारा माणूस. पन्हाळ्याच्या पायथ्यापासून बिद्रीपर्यंत कुणाची घागर पडू दे, नाहीतर मोटरीचा पाईप निसटू दे, निरोप आबांच्या दारात. कमरेला दोर, छाती भरून श्वास, की बुडी. त्यांचे नियम दोनच. तळाला गेलं की मोकळ्या हातानं वर यायचं नाही. आणि वर आणलेलं काठावर ठेवून सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारायचं, "कुणाचं हाय ह्ये?" विचारल्याशिवाय वस्तू कुणाच्या हातात द्यायची नाही.

एकदा एका बाईची पितळी घागर पडली. आबांनी तीन बुड्या मारल्या आणि तीन घागरी काढल्या. काठावर मांडून विचारलं, "कुणाचं हाय ह्ये?"

बाईनं तिन्ही निरखून बघितल्या. मग सगळ्यांत मोठीवर हात ठेवून म्हणाली, "माझी न्हाय आबा... पर चालंल की!"

*

दिनकर हा आबांचा एकुलता. दहावीला दोनदा बसला, पण पाण्यात त्याच्यापुढं कुणी नाही. गोव्याला एका हॉटेलात कामाला लागला. तिथं एका गोऱ्या साहेबाचा पाण्यात घालायचा चष्मा बोटीवरून पडला, तो ह्यानं एका दमात वर आणला. साहेब पर्यटकांना समुद्राखाली फिरवायचा. त्यानं ह्याला हॉटेलातून उचलला आणि आपल्याकडं ठेवून घेतला.

त्या रविवारी फोन आला. दिनकरच्या आईनं, म्हणजे हौसावैनींनी, घेतला.

"आई, हितं मला श्वास घ्यायला शिकवत्यात."

"आन बावीस वर्सं काय करत हुतास?"

"पाण्याखाली गं! पाठीला सिलिंडर बांधून."

वैनी रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडं वळल्या. तेव्हा आमच्याकडं गॅसचा सिलिंडर नंबर लावून महिना महिना यायचा नाही. वैनी म्हणाल्या, "बघा अक्का! आपल्याला शेगडीला मिळंना, आन ह्येला पाठीवर घेऊन हिंडायला देत्यात!"

*

दोन वर्षांनी साहेब आपल्या देशाला निघाला आणि दिनकरला बरोबर घेऊन जातो म्हणाला. पासपोर्टसाठी चौकशीला हवालदार आले. शेजारी म्हणून मलाच विचारलं.

"मुलगा काय करतो?"

"समुद्रात बुडतो," मी म्हणाले.

हवालदारांनी पेन थांबवलं. "कधी?"

"रोज. सकाळी एकदा, जेवून एकदा."

हवालदारांनी वही मिटली. मग हळूच म्हणाले, "बाई, घरात दुसरं कुणी हाय का?"

*

तर दिनकर गेला. इटलीच्या खालच्या अंगाला, भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर. उन्हाळाभर तिथं काम, थंडीत कोल्हापूर. पहिला फोटो यायला तीन आठवडे लागले. दिनकर पायापासून गळ्यापर्यंत काळ्या रबराच्या कपड्यात! गल्लीतल्या शिंप्यानं फोटो उन्हात धरून उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "शिलाई चांगली हाय. पर माप देताना पोरानं श्वास घेतलेला न्हाय."

दुसऱ्या फोटोत दिनकरच्या शेजारी पाण्यात पोत्याएवढा मासा. रविवारी आबांनी फोन घेतला.

"मासा मोठा हाय रं. रस्सा केला का?"

"आबा, हितं माशाला हात लावायचा न्हाय. बेटाभोवतीचा समुद्र राखीव हाय. शिंपला उचलायचा न्हाय, दगडसुद्धा हलवायचा न्हाय."

"मग खाली जाऊन करता काय?"

"बघायचं. आपल्याकडं न्हाय का, लोक दाजीपूरच्या जंगलात गवा बघायला जात्यात? तसंच."

"गव्याला हात लावायला कोण जातंय? त्योच लावंल!"

"आबा, बघायला लोक पैसे देत्यात हितं."

आबांनी फोन खाली ठेवला. धोतराचा सोगा झटकला. "अक्का," मला म्हणाले, "पोरगं थापा मारायला शिकलं."

*

खोल पाण्यात कान दुखतात, असं दिनकर एकदा बोलून गेला. वैनींनी लसूण घालून खोबरेल तेल कढवलं, बाटलीला मेण लावलं आणि मुंबईहून तिकडं जाणाऱ्या कुणातरी पाव्हण्याच्या हाती धाडून दिलं. साहेबानं सांगितलेलं, कानात काहीही घालू नकोस. पण आईचं औषध! दिनकरनं दोन थेंब सोडले आणि बोटीवर गेला.

पुढच्या रविवारी वैनींनी विचारलं, "गुण आला का?"

"मला न्हाय. पर बोटीवरची सगळी जणं पाण्यात उतरायच्या आधीच जेवायला मागायला लागली!"

*

हसायला बरं वाटतं, पण वैनींच्या डोक्याला तेव्हा एकच घोर. बघता बघता पोरगा तिशीला आला होता. आठ ठिकाणी स्थळं दाखवली आणि आठही ठिकाणी एकच प्रश्न, मुलगा करतो काय? नोकरी पाण्यातली, ती पण परक्या मुलखात, ती पण निम्मं वर्ष! एका वधूपित्यानं तर तोंडावर सांगितलं, "पोरगी विहिरीत ढकलली म्हणत्यात ते असं." वैनी घरी आल्या आणि दोन दिवस जेवल्या नाहीत.

नववं स्थळ जयसिंगपूरचं. मुलीच्या वडिलांचं भुसारी दुकान, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. मुलगी राजश्री, बी. कॉम. झालेली. बघायच्या कार्यक्रमाला मी होतेच! वडील, म्हणजे अप्पा, अर्धा तास विचारत होते आणि दिनकर घाम पुसत होता. मग राजश्री म्हणाली, "मला एक विचारायचंय. पाण्याखाली बोलता येतं का?"

"न्हाय," दिनकर म्हणाला. "तोंडात नळी असती."

"किती वेळ?"

"पाऊण तास. कवा कवा तासभर."

"म्हणजे रोज दोन तास गप्प राहायची सवय हाय?"

"हाय की."

राजश्रीनं अप्पांकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "मला पसंत हाय."

सुपारी फुटली. उन्हाळ्याचा हंगाम करून दिनकर परत आला की डिसेंबरात लग्न. वैनींनी त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घरात स्वतःच्या हातानं साखर नेली.

*

आणि मे महिन्यात तो फोन आला. रविवार नव्हता, गुरुवार होता. वैनी धावत आल्या. मी मेथी निवडत होते.

"पोलीस?" वैनी म्हणाल्या. "कसलं भांडं?... पाण्यात उतरायचं कार्ड काढून घेतलं?" आणि लाईन गेली.

ह्याच्यापुढं त्यांनाही कळलं नाही आणि मलाही नाही. वैनी भिंतीला टेकून बसल्या. मी चहा केला. आणि मग मी काय केलं ते सांगते. मी फक्त एकीला सांगितलं, शिंप्याच्या बायकोला. तेही कुणाला सांगू नकोस म्हणून बजावून! शुक्रवारी गिरणीत माझीच बातमी मला परत मिळाली, आणि तिच्यात माझ्या घरातून निघाली तेव्हा नसलेली चोरी होती. शनिवारी ती जयसिंगपूरला पोचली. संध्याकाळी अप्पांचा फोन, "उद्या येतोय. पोराशी मी सोता बोलणार. मग काय ते ठरवू."

मी वैनींपुढं जाऊन उभी राहिले. "वैनी, माझ्या तोंडून गेलं हो."

"ठाऊक हाय," वैनी म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाच्या घरात फोन हाय?"

नववं स्थळ मोडलं असतं तर त्या बाईनं दहावं शोधलं नसतं. आणि ते मोडणारी मी ठरले असते.

*

रविवारी दुपारी अप्पा आले. राजश्री बरोबर. ती येणार हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आबा, वैनी, आमचे हे, सगळे फोनभोवती बसलेले. मी पोहे केले, कुणी हात लावला नाही. तीन वाजता घंटा वाजली आणि अप्पांनीच उचलला. अप्पांना रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरायची सवय. त्यामुळं दिनकरचा आवाज पार उंबऱ्यापर्यंत आला.

"भांडं उचललंस?" अप्पा.

"व्हय मामा."

"पोलीस आलते?"

"आलते. आधी समुद्राचं राखणदार, मग पोलीस."

वैनींनी डोळे मिटले.

"म्हणजे चोरलंस."

"न्हाय हो! पाव्हण्यांना घेऊन खाली गेलतो. गवतात भांड्याचं तोंड दिसलं. हात कसा गेला कळलंच न्हाय बघा. वर आणलं, बोटीवर ठेवलं आन सगळ्यांना विचारलं."

"काय विचारलंस?"

"कुणाचं हाय ह्ये?"

अप्पांच्या मिशा थरथरल्या. ते कशानं, ते मला अजून सांगता येत नाही.

"मग?"

"मग काय, सगळी किंचाळायलीच! दोन हजार वर्सांचं हुतं म्हणं."

अप्पा व्यापारी माणूस. "मग कुणाचं निघालं?" त्यांनी विचारलं.

"सरकारचं."

इतका वेळ मान खाली घालून बसलेल्या आबांनी झेप घेऊन फोन ओढला. "एकलंच हुतं, का शेजारी बघितलंस?"

"लई हाईत आबा. रांगच हाय. सरकारच्या माणसांना जागा दाखवून आलो."

"आन तशीच ठिवलीस?" आबांनी रिसीव्हर अप्पांच्या हातात दिला आणि कपाळ धरलं. "सगळं शिकवलेलं वाया!"

अप्पांनी पुढचं विचारलं, आणि खरं काय ते तेव्हा कळलं. चोरीचा आळ नव्हता. जागा दाखवली म्हणून प्रकरण तेवढ्यावर भागलं होतं. पण नियम तो नियम. ह्या वर्षीचा अख्खा हंगाम दिनकरनं पाण्यात पाय घालायचा नाही. कार्ड पुढच्या वर्षी परत मिळणार.

"म्हणजे नोकरी गेली," अप्पा म्हणाले.

"ह्या सालची गेली, मामा."

अप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले. वैनींच्या हातातल्या पदराचा पार बोळा झाला होता. दिनकर तिकडून नुसता "मामा? मामा?" म्हणत होता.

राजश्री उठली. "अप्पा, द्या इकडं."

तिनं फोन घेतला आणि आमच्याकडं पाठ करून भिंतीशी बोलल्यासारखी हळू बोलायला लागली. मी पोह्यांची बशी घेऊन दोन पावलं सरकले. मग आणखी एक. एक शब्द कळला नाही! इतक्या वर्षांत माझ्या घरातल्या फोनवरचं मला ऐकू न आलेलं बोलणं ते एकच.

तिनं फोन ठेवला. वळली. चेहरा एकदम गंभीर.

"अप्पा, डिसेंबरचं लग्न मोडा."

वैनींनी पदराचा बोळा तोंडाला लावला. माझ्या हातातली बशी कलली आणि पोहे आबांच्या टोपीवर.

"मोडा म्हणजे?" अप्पा ओरडले.

"आषाढ लागायच्या आत करा," राजश्री म्हणाली. "ते दरसाल उन्हाळाभर समुद्रात आसणार. ह्या साली तेवढं पोलिसांनी घरी सोडल्यात. दर साली कोण सोडतंय!"