जोगव्याचं सहावं घर

आमच्या घराण्यात एक रीत होती. नवरात्रात कर्त्या पुरुषानं देवीची वेताची परडी हातात घ्यायची, अनवाणी निघायचं आणि पाच घरी जोगवा मागायचा. मूठ-मूठ मिळालेल्या त्या पिठाची भाकरी देवीला दाखवायची, मगच घरानं जेवायचं. उंब्रजजवळच्या आमच्या गावी वडील दरसाल मागत. उसाचा मळा होता, काही कमी नव्हतं. तरी पागोटं काढून ते आपल्याच मजुराच्या दारात उभे राहत.

वडील गेले. मळा थोरल्या भावानं सांभाळला, आई त्याच्याकडे राहिली. मी सांगलीला हळदीच्या धंद्यात पडलो. "येगळी चूल मांडलीस, तर तुजी परडी बी येगळी," आईनं बजावलं होतं. पहिली काही वर्षं मी मागितलंही. भाड्याची खोली होती. देणारा आणि मी सारखेच, मग लाज कसली?

मग लढाई लागली. हळदीचे भाव चढले आणि दोन-तीन हंगामांत लोक मला शेट म्हणू लागले. माडीचं घर झालं, रेडिओ आला. देवाला विसरलो असं मुळीच नाही. उलट देव्हारा मोठा केला, चांदीची उपकरणी आणली. आज वाटतं, बड्या गिऱ्हाइकाची ठेवावी तशी मी देवीची बडदास्त ठेवत होतो.

त्या वर्षी आई नवरात्रासाठी आमच्याकडे आली होती. जोगव्याच्या आदल्या दिवशी तिनं परडी पुसून ठेवली. मी म्हणालो, "आई, यंदा नको. शेट दारोदार फिरतोय म्हणून पेठेत हसतील."

"हसू द्येत की. त्यासाठीच तर मागायचं."

"त्यापेक्षा देवीला चांदीचा मुकुट करतो."

आई हसली. "तू देनार? तिला?" एवढंच म्हणाली आणि वाती वळायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणखान्यात माझ्या ओळखीचे दोघे व्यापारी बसले होते. रेडिओवर लढाईच्या बातम्या चालू होत्या. त्या दिवसांत धान्याची टंचाई होती, दाराशी मागणाऱ्यांची रीघ असे, आणि त्यांना वाटेला लावायची मला सवय झाली होती. रेडिओच्या गलक्यात बाहेरून बाईमाणसाची हाक आली, "जोगवा वाढा, माय."

मी मान वळवली नाही. पान लावता लावता ओरडलो, "पुढं जा, बाई!"

"शेट, तुमच्या दाराला लय गिऱ्हाईक," एक व्यापारी म्हणाला. आम्ही तिघंही हसलो.

तेवढ्यात बायको ओंजळीत पीठ घेऊन माजघरातून लगबगीनं आली. दारापर्यंत गेली, बाहेर पाहिलं, परत फिरली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि तसंच पीठ घेऊन आत गेली. मला काही उमगलं नाही. उमगून घ्यावंसंही वाटलं नाही.

दुपारी नैवेद्य झाला, पानं मांडली. ताटात ज्वारी-बाजरीच्या मिसळीची, करड्या रंगाची भाकरी होती. तेव्हा कळलं, परडी घेऊन आईच गेली होती. मी जरा खोचकच विचारलं, "मग, मिळाली का पाच घरं?"

"मिळाली की. पर सा दारं करावी लागली. एका ठिकाणी पुढं जा म्हनले."

मी ताडकन म्हणालो, "कोण? माझ्या आईला? घर सांग मला, बघतोच त्याच्याकडे!"

बायकोचा वाढता हात थांबला. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाऊ दे रं. घर मोठं हाय त्याचं. आत ऐकू गेलं नसंल."

रीतीप्रमाणं आई आमच्या घरची नव्हतीच, भावाच्या घरची होती. म्हणून माझं दार तिला परकं, मागण्याजोगं. आणि मुद्दाम मागायला आली होती. माझ्या हातून मूठभर पीठ पडलं असतं, तर माझं न मागणंही तिनं पोटात घातलं असतं.

मला ताटावरून उठता आलं नाही. तीच भाकरी तिनं मला वाढली, मी खाल्ली. "चुकलो" हा शब्द जिभेवर होता, तो घासाबरोबर गिळला. चार दिवसांनी ती गावी गेली. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं होती, आमच्याकडे येऊन-जाऊन राहिली. तिनं कधी विषय काढला नाही, मीही नाही. बायकोनंही नाही.

पुढच्या नवरात्रापासून मी पुन्हा मागू लागलो. घरच्यांना वाटतं, शेट सुधारला. खरं ते लिहून टाकतो. मी परडी धोतराच्या सोग्याखाली झाकून नेतो, आणि मागायला पार नदीकाठच्या वस्तीत जातो. तिथं मला कोणी ओळखत नाही. माझ्या गल्लीत, त्या दिवशी आईला पीठ घालणाऱ्या दारांपुढं, मी अजून एकदाही उभा राहिलेलो नाही.