बद्द वाजलेला खिळा

आमच्या गल्लीच्या टोकाला घोड्यांची पागा आहे. तिथे लोकांना घोडेस्वारी शिकवतात. रोज सकाळी बारा घोडे आमच्या खिडकीखालून मैदानाकडे जातात, आणि माझी भाची अंथरुणात डोळे मिटून ते ऐकते. ‘‘हा तांबडा. हा म्हातारा. ही राखाडी.’’ मी शेजारीच शिलाई मशीनवर बसलेली असते. मला मेलं सगळं एकच टपटप. ती मात्र अर्धवट झोपेत हसते.

तिचे आईवडील नोकरीपायी परगावी, म्हणून पोर पाचव्या वर्षापासून माझ्याकडे. नाव चांगलं आहे, पण सगळी गल्ली तिला लांबडी म्हणते. सातव्या वर्षी तिनं जाहीर केलं, ‘‘आत्या, मी शर्यतीत घोडा पळवणार.’’ म्हटलं, पळव बाई, आधी दूध संपव. दाराच्या चौकटीवर मी दरवर्षी खडूनं तिची उंची मांडायची. उंची कमी भरावी म्हणून ही मान खाली घालून, गुडघे वाकवून उभी राहायची! पण वाढत्या अंगाला कोण आवरणार? पंधराव्या वर्षी डोकं चौकटीला टेकलं. पागेच्या मास्तरांनी तिला जवळ बसवून सांगितलं, ‘‘जॉकीला एवढी उंची चालत नाही गं.’’ महिनाभर तिनं खिडकी उघडली नाही. मी वरवर म्हणत होते, बरं झालं, हातपाय तरी शाबूत राहतील. आतून मला फार वाईट वाटत होतं.

शाळा संपली. आता पुढे काय?

‘‘घोड्यांचं काहीतरी.’’

‘‘काहीतरी हा काय धंदा झाला? पाटीवर काय लिहिणार?’’

जनावरांची डॉक्टर व्हायचं, तर रसायनशास्त्रात घोडं पेंड खात होतं. शेवटी मी माझ्या एका गिऱ्हाइकाला, चष्मेवाल्याला, गळ घातली. त्यानं काउंटरवर जागा दिली. सोमवारपासून यायचं. मी रात्रीचा दिवस करून तिला निळा कोट शिवला आणि बजावलं, ‘‘रविवारपर्यंत दुसरं काही सुचलं तर सांग. नाहीतर मुकाट्यानं हा घाल.’’ ती कोटाच्या बाहीवरून बोट फिरवत राहिली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या त्या बघण्याचा मला भारी राग यायचा. एवढी घोडी झाली, तरी स्वप्नातून उठायचं नाव नाही!

रविवारी दाट धुकं होतं. समोरचं घरही दिसत नव्हतं. घोडे खालून गेले ते नुसते आवाजानंच. लांबडी ताडकन उठून बसली.

‘‘राखाडीचा मागचा डावा पाय उशिरा पडतोय.’’

‘‘झोप गुपचूप.’’

पण ती झोपायच्या कपड्यांतच जिना उतरली. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच अडकवून मी मागे धावले. धुक्यात पुढे तिची पाठ आणि त्यापुढे खुरांचा आवाज, बाकी काही नाही. तिनं घोडी थांबवून परत पागेत आणायला लावली.

शनिवारीच राखाडीला नवी नाल ठोकली होती, आणि ठोकणारे नालबंदकाका चाळीस वर्षं तेच करत आलेले. ते तडकलेच. ‘‘तू मला शिकवणार? काल दूध पीत होतीस!’’ मास्तरांनी घोडी दुडक्या चालीनं पळवून पाहिली. कुणालाच काही दिसेना. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी तिचा दंड धरला, ‘‘माफी माग आणि चल घरी.’’

‘‘आत्या, मी ऐकलंय,’’ ती म्हणाली. ती जागची हलली नाही. ‘‘काका, एकेका खिळ्यावर हातोडीनं हलकेच ठोकून बघा ना.’’

काकांनी धुसफुसत घोडीचा पाय मांडीवर घेतला. पहिला खिळा, काही नाही. दुसरा, काही नाही. चौथ्यावर राखाडीनं पाय असा हिसडला की काका कोलमडता कोलमडता वाचले. खिळा उपसला, तर टोक ओलं. खुराच्या बाहेरच्या निबर भागात जायच्या ऐवजी तो आतल्या मऊ भागात शिरला होता.

काकांनी नाल काढली, जखम धुतली, औषध लावलं. मग खाली बसले. उपसलेला खिळा तळहातावर घेतला.

‘‘निबर भागात गेला की खिळा टणक वाजतो,’’ ते म्हणाले. ‘‘आत वळला की बद्द. तेवढ्यावर तर आमचं सगळं काम. काल हा बद्द वाजलाच असणार. मला ऐकू आलं नाही. वर्ष झालं, नीट येत नाही. कुणाला बोललो नाही.’’

काका उठले. तांबड्याला नाल ठोकायची राहिली होती, म्हणून तो पागेतच होता. त्याचा खूर गुडघ्यांत धरून त्यांनी पहिला खिळा ठोकला आणि लांबडीच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले होते, रोज अंथरुणात मिटते तसेच. तिनं मान डोलावली. दुसरा खिळा. पुन्हा पाहणं, पुन्हा मान. पाचव्याला ती नाही म्हणाली. काकांनी चकार शब्द न काढता खिळा उपसला आणि जरा बाहेरून ठोकला.

इतकी वर्षं मी जिला झोपाळू म्हणत आले, ती पोर झोपली नव्हतीच. तिचा अभ्यास चालला होता.

‘‘उद्यापासून येशील?’’ काकांनी विचारलं. ‘‘तुझे कान, माझे हात. हळूहळू हातही तुझेच. पाठ मात्र मोडेल हं, एवढी लांबडी तू.’’

तिनं माझ्याकडे पाहिलं. ओठ आवळलेले. हो म्हणायचं होतं आणि मला दुखवायचं नव्हतं.

‘‘माझ्याकडे काय बघतेस?’’ मी खेकसले. ‘‘चष्मेवाल्याला मी सांगते. कोट घालेल त्याची बायको!’’

संध्याकाळी काकांनी चामडं पाठवून दिलं, तिच्यासाठी एप्रन शिवायला. मी टेप काढली आणि तिला चौकटीपाशी उभी केली. जुन्या खडूच्या रेघा अजून तिथेच होत्या.

या वेळी ती ताठ उभी राहिली. वरचं टोक धरायला मला स्टूल घ्यावं लागलं.